एकच नाव, पाच क्लास: मेथडने सगळीकडे सारखेच वागावे का?

निर्झर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात आम्ही दूध संकलन केंद्रांसाठीचे आमचे अँड्रॉइड अॅप आरएक्सजावा (प्रवाहासारखी येणारी मूल्ये हाताळणारी जावाची लायब्ररी) २ वरून ३ वर नेले. तिचे पाच मुख्य क्लास असे: ऑब्झर्वेबल (कितीही मूल्ये), फ्लोएबल (तसेच, पण मागणीपुरतीच), सिंगल (नेमके एक), मेबी (एक किंवा काहीच नाही) आणि कम्प्लीटेबल (मूल्य नाही, फक्त काम झाल्याची सूचना). पॅकेजचे नाव बदललेले असल्यामुळे जवळपास प्रत्येक फाईलमधल्या इम्पोर्टच्या ओळी बदलाव्या लागल्या. तीन-चार ठिकाणी कंपायलरने अडवले, ते निस्तरले, टेस्ट हिरव्या झाल्या आणि नवी आवृत्ती केंद्रांवर गेली. दुसऱ्याच दिवशी पहाटे साडेपाचला एका केंद्रचालकाचा फोन आला. नव्या सभासदाचा क्रमांक टाकला की पडद्यावरचे चक्र नुसते फिरत राहते. दूध काट्यावर ठेवलेले, मागे रांग लागलेली, आणि अॅप ना दर दाखवते ना चूक.

त्या ठिकाणचा कोड अगदी साधा आहे. सभासद क्रमांक घेऊन फोनमधल्या साठ्यात शोधायचे. सभासद सापडेल किंवा सापडणार नाही, म्हणून ही मेथड मेबी परत करते. सापडल्यास सर्व्हरकडून त्याचे दरपत्रक आणायचे. ते नेमके एकच येते, म्हणून ती सिंगल. दोघांना जोडायला फ्लॅटमॅप-सिंगल (आलेल्या मूल्यावरून सिंगल मागवणारी मेथड), आणि शेवटी सबस्क्राइबला (निकाल ऐकायला सुरुवात करणाऱ्या मेथडला) दोन फंक्शने दिलेली: एक दर दाखवणारे, दुसरे चूक दाखवणारे. आवृत्ती २ मध्ये सभासद सापडला नाही की 'असा घटक नाही' हा एक्सेप्शन चूक दाखवणाऱ्या फंक्शनकडे जायचा आणि आम्ही 'नोंद सापडली नाही' असा निरोप दाखवायचो. आवृत्ती ३ मध्ये तीच ओळ, तेच नाव, तीच दोन फंक्शने, आणि रिकाम्या शोधानंतर दोघांपैकी एकालाही हाक जात नाही.

बग दहा मिनिटांत दुरुस्त झाला. प्रश्न मात्र मनातून जात नाही, कारण याच लायब्ररीवर बेतलेली आमची स्वतःची एक छोटी अंतर्गत लायब्ररी आहे आणि तिच्यातही एकाच नावाच्या मेथड निरनिराळ्या क्लासमध्ये थोड्या निराळ्या वागतात. एकाच नावाच्या मेथडने सगळ्या क्लासमध्ये सारखेच वागले पाहिजे का? आणि ती आज तशी वागत नसेल, तर चालू कोड मोडण्याची किंमत देऊनही तिला वळण लावावे का?

वैनतेय

निर्झर, तुमच्या दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर 'हो' असे आहे, आणि तुम्हाला ज्याने त्रास दिला तोच बदल त्याचे उत्तम उदाहरण आहे.

आवृत्ती २ मधली परिस्थिती आठवून पाहा. ऑब्झर्वेबलवर फ्लॅटमॅप-सिंगल लावले आणि मूळ प्रवाह रिकामा निघाला, तर निकालही रिकामाच यायचा. फ्लोएबलवरही तसेच. मेबीवर मात्र त्याच नावाची मेथड सिंगल परत करायची, आणि सिंगलला रिकामे राहण्याची मुभा नसल्यामुळे एक्सेप्शन फेकायची. ज्याला मेबीवर रिकाम्याचे रिकामेच राहू द्यायचे असेल, त्याच्यासाठी फ्लॅटमॅप-सिंगल-एलिमेंट अशा लांबलचक नावाची वेगळी मेथड होती. म्हणजे सरळ वागणारीला आडवळणाचे नाव आणि आडवळणाने वागणारीला सरळ नाव, अशी उलटापालट झालेली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या ३.० मध्ये फ्लॅटमॅप-सिंगल मेबीच परत करू लागली आणि ते लांब नाव काढून टाकले गेले.

यामागचा नियम मला फार मोलाचा वाटतो: प्रवाह रिकामा असण्याची शक्यता मध्येच कुठेतरी गुपचूप नाहीशी होता कामा नये. ती संपवायची असेल तर लिहिणाऱ्याने स्वतःच्या हाताने संपवावी; टू-सिंगल लिहावे, किंवा स्विच-इफ-एम्प्टी लिहून रिकामे निघाल्यास काय करायचे ते सांगावे. तुमच्या कोडमध्ये सभासद न सापडणे ही रोजची, अपेक्षित गोष्ट आहे. तिला एक्सेप्शनच्या वाटेने पाठवणे हेच मुळात चुकीचे होते.

सुलक्षणा

वैनतेय, तत्त्व मान्य आहे. ते अमलात आणण्याची पद्धत मान्य नाही.

मेथडचा परत येणारा क्लास बदलला की कंपायलर ओरडेल, असे आपण गृहीत धरतो. निर्झर यांच्याकडे तो का ओरडला नाही ते पाहा. सिंगलवर दोन फंक्शने घेणारी सबस्क्राइब आहे: यश आणि चूक. मेबीवरही दोन फंक्शने घेणारी सबस्क्राइब आहे: यश आणि चूक. तिसऱ्या, म्हणजे रिकामेच संपल्याच्या घटनेसाठी तीन फंक्शने घेणारी वेगळी रूपे आहेत, पण ती वापरण्याची सक्ती कोणी करत नाही. त्यामुळे मधला क्लास सिंगलचा मेबी झाला तरी शेवटची ओळ जशीच्या तशी कंपाइल होते आणि रिकामी घटना निमूटपणे विरून जाते. एका मेथडला वळण लावले, त्याचा फटका शेजारच्या दुसऱ्या सारख्या नावाच्या मेथडमुळे बसला.

म्हणूनच माझे म्हणणे असे की जुने नाव निदान एका मोठ्या आवृत्तीपुरते मोकळे ठेवायला हवे होते. आवृत्ती ३ मध्ये मेबीवर फ्लॅटमॅप-सिंगल नसतीच, तर कंपायलरने प्रत्येक जागा दाखवली असती; मग पुढच्या मोठ्या आवृत्तीत ते नाव नव्या अर्थाने परत आणता आले असते.

जुना_जावावाला

सुलक्षणाताई, अशी नावे मोकळी ठेवत बसलो तर तीस-चाळीस मेथड दोन-दोन आवृत्त्या अधांतरी राहतील. पॅकेजचे नाव बदलून २ आणि ३ एकाच प्रकल्पात शेजारी शेजारी नांदतील अशी सोय केलेली होती. फाईलगणिक, वाचत वाचत पुढे जायला तेवढीच वाट पुरेशी होती. सगळ्या इम्पोर्ट एका झटक्यात शोधा-आणि-बदला करून टाकल्या, की वाचण्याची ती संधी हातची जाते.

निर्झर

जुना_जावावाला, हे अगदी खरे आहे. आम्ही तसेच केले होते आणि चूक आमचीच होती.

शब्दप्रेमी

मी प्रोग्रामर असलो तरी शिकवतो भाषा, म्हणून थोडे वेगळे मांडतो. आपल्या मराठीत 'लागणे' हे एकच क्रियापद पाहा. भूक लागते, नोकरी लागते, कुलूप लागते, रस्त्यात नदी लागते, ठेच लागते आणि वाटही लागते. कर्ता बदलला की अर्थ बदलतो आणि कोणाचाही गोंधळ उडत नाही. मग मेबीची फ्लॅटमॅप-सिंगल आणि ऑब्झर्वेबलची फ्लॅटमॅप-सिंगल निराळ्या वागल्या तर एवढे काय बिघडले? क्लास हाच तिथला कर्ता आहे.

सुलक्षणा

शब्दप्रेमी, उदाहरण सुंदर आहे, पण मला ते माझ्याच बाजूचे वाटते. 'नोकरी लागली' हे ऐकणारा माणूस लहानपणापासून तो शब्दप्रयोग ऐकत आलेला असतो आणि कर्ता त्याच्या कानावर त्याच वाक्यात पडतो. मेथडची साखळी वाचताना कर्ता समोर दिसतच नाही. आठ ओळींच्या साखळीत सहाव्या ओळीवर फ्लॅटमॅप-सिंगल दिसते, तेव्हा त्या क्षणी आपण ऑब्झर्वेबलवर आहोत की मेबीवर, हे कळायला वर चढत जाऊन मध्ये कुठे फर्स्ट-एलिमेंट (ऑब्झर्वेबलचे मेबी करणारी मेथड) आली आहे का ते शोधावे लागते. वाचणाऱ्याच्या हाती असते ते फक्त नाव.

मेघदूत

मी वेबफ्लक्स ही वेब चौकट वापरतो, म्हणजे तिच्या आतली प्रोजेक्ट रिअॅक्टर ही आरएक्सजावासारखी लायब्ररी. तिथे क्लास दोनच, फ्लक्स (कितीही मूल्ये) आणि मोनो (जास्तीत जास्त एक), त्यामुळे हा त्रास कमी. पण तिथेही ही दुरुस्ती करावी लागली होती. रिअॅक्टर ३.१ च्या आधी मोनोवरची फ्लॅटमॅप (आलेल्या मूल्यावरून नवा प्रवाह उघडणारी मेथड) फ्लक्स परत करायची आणि मोनोतून मोनो हवा असेल तर फंक्शन घेणारी 'देन' वापरावी लागायची. नवीन माणसाला हे समजावताना नाकी नऊ यायचे. ३.१ मध्ये जुन्या फ्लॅटमॅपला फ्लॅटमॅप-मेनी हे नाव मिळाले आणि फ्लॅटमॅप हे नाव मोनोतून मोनो देणाऱ्या मेथडकडे गेले. म्हणजे दोन वेगळ्या लायब्ररींनी काही वर्षांच्या अंतराने तोच निर्णय घेतला: सर्वांत साधे नाव सर्वांत अपेक्षित वागणुकीला द्यायचे.

कृष्णाकाठ

विषय परत आलेल्या क्लासवरच अडकू नये म्हणून दोन गोष्टी सांगतो. खरी जोखीम सिग्नेचर (मेथड काय घेते आणि काय परत करते) तशीच राहून आतली वागणूक बदलते तिथे असते, आणि ३.० मध्ये असेही बदल झाले.

पहिली गोष्ट फ्रॉम-अॅक्शन आणि फ्रॉम-रनेबल या दिलेली क्रिया चालवणाऱ्या मेथडची. फ्रॉमने सुरू होणाऱ्या इतर मेथड काम सुरू करण्यापूर्वी ऐकणाऱ्याने आधीच रद्द केले आहे का ते तपासायच्या. या दोघी आवृत्ती २ मध्ये ते तपासत नसत. सबस्क्राइब होताक्षणी रद्द झाले असले तरी आतली क्रिया एकदा चालायचीच. ३ मध्ये त्या इतरांसारख्या झाल्या, म्हणजे आधीच रद्द असेल तर क्रिया चालत नाही. आमच्याकडे एका फ्रॉम-अॅक्शनमध्ये तात्पुरत्या फायली पुसण्याचे काम होते आणि ते कोणत्याही परिस्थितीत एकदा होणारच, असे लिहिणाऱ्याने धरले होते. आवृत्ती बदलल्यावर फोनची जागा हळूहळू भरत गेली आणि कारण सापडायला आम्हाला तीन आठवडे लागले.

दुसरी 'यूझिंग' या मेथडची. फाईल किंवा डेटाबेसचे कनेक्शन उघडायचे, प्रवाह चालवायचा आणि शेवटी बंद करायचे, हे तिचे काम. 'ईगर' हा पर्याय खरा असेल तर प्रवाह संपल्याचे कळवण्याआधी बंद करायचे, खोटा असेल तर कळवल्यानंतर. पण ऐकणाऱ्याने मध्येच रद्द केले, तर आवृत्ती २ हा पर्याय विचारातच घेत नसे. नेहमी आधी कनेक्शन बंद आणि मग वरच्या प्रवाहाला रद्दची सूचना. ३ मध्ये रद्द होतानाही तोच पर्याय पाळला जातो. मला हा सगळ्या बदलांतला सर्वांत न्याय्य बदल वाटतो, कारण पर्याय लिहिणाऱ्याने दिलेला असतो आणि अर्ध्या परिस्थितीत लायब्ररी तो ऐकतच नव्हती.

वैनतेय

कृष्णाकाठ, फायलींच्या बाबतीत तुमच्या सहकाऱ्याने एका मेथडच्या अपवादालाच तिचे वचन समजून कोड लिहिला होता. विसंगती जितकी जुनी होते तितके लोक तिच्यावर घर बांधतात. म्हणून ती लवकर काढावी, असेच मी म्हणेन.

कृष्णाकाठ

सहमत आहे. पण त्या घरात राहणाऱ्यांना आधी सांगावे, एवढीच अपेक्षा. स्थलांतराच्या कागदपत्रात ती ओळ होती हे खरे. आमच्यातल्या कोणी ती वाचली नव्हती हेही खरे.

अभंगवाणी

मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण धागा एकसारखेपणाच्या बाजूने फारच झुकला आहे.

काही विसंगती क्लासच्या स्वभावातून येतात आणि त्या पुसून टाकल्या तर क्लास वेगळे ठेवण्याचे कारणच उरत नाही. फ्लॅटमॅपचेच घ्या. ऑब्झर्वेबलची फ्लॅटमॅप एका वेळी कितीही आतले प्रवाह उघडते. फ्लोएबलची फ्लॅटमॅप सांगितले नाही तर एका वेळी १२८ च उघडते, कारण मागणीपेक्षा जास्त माल न पाठवण्याची शिस्त तिला पाळायची असते आणि १२८ हा तिच्या बफरचा (तात्पुरत्या साठ्याचा) ठरलेला आकार आहे. आम्ही एका कामात शेतातल्या आर्द्रतामापकांची थेट वाचने दाखवत होतो. प्रत्येक मापकाचा प्रवाह न संपणारा. चाचणीत ४० मापक होते, सगळे सुरळीत. प्रत्यक्षात दीडशेच्या वर मापक जोडले गेले आणि पहिले १२८ दिसू लागले. उरलेल्यांचा पत्ताच नाही, चूकही नाही. कारण १२९ व्या प्रवाहाला आधीचा एखादा संपेपर्यंत थांबावे लागते, आणि आमचा एकही प्रवाह संपणारा नव्हता.

दोन दिवस मी चडफडलो, पण विचार केल्यावर पटले की इथे वागणूक सारखी करणे चूक ठरेल. ऑब्झर्वेबलला १२८ ची मर्यादा घातली तर ज्याने मुद्दाम ऑब्झर्वेबल निवडला त्याच्यावर अन्याय. फ्लोएबलची काढली तर तिची शिस्तच गेली. किती प्रवाह एकाच वेळी उघडायचे हा आकडा फ्लॅटमॅपला देता येतो. तो मी तिथे लिहिला आणि वर एका ओळीत कारणही लिहिले.

सुलक्षणा

अभंगवाणी, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे. यातून मला एक कसोटी सुचते. दोन क्लासमधला फरक क्लासची व्याख्या वाचून आधीच सांगता येत असेल, तर तो राहू द्यावा. आतला कोड वाचल्याशिवाय कळत नसेल, तर तो काढावा. फ्लोएबल मागणीची शिस्त पाळते हे व्याख्येतच आहे, म्हणून तिथे मर्यादा असणार हे ताडता येते. फ्रॉम-अॅक्शन आधीच रद्द झालेली असतानाही चालते, हे कोणत्याही व्याख्येतून ताडता येत नाही.

मेघदूत

१२८ हा आकडा कोणत्या व्याख्येतून ताडणार? रिअॅक्टरमध्ये फ्लक्सच्या फ्लॅटमॅपची तीच मर्यादा २५६ आहे.

सुलक्षणा

मर्यादा आहे एवढे ताडता येते. आकडा कागदपत्रातच पाहावा लागेल. तेवढी माझी कसोटी अपुरी आहे, हे मान्य करते.

वैनतेय

सुलक्षणाताईंच्या कसोटीला जोड म्हणून डिफॉल्ट-इफ-एम्प्टी (रिकामे निघाल्यास ठरलेले मूल्य देणारी मेथड) पाहा. ऑब्झर्वेबलवर ती ऑब्झर्वेबल परत करते, मेबीवर ३ मध्ये सिंगल परत करते. वरवर पाहता हीसुद्धा विसंगती आहे. पण मेबीत जास्तीत जास्त एक मूल्य असते आणि या मेथडने 'किमान एक' याची हमी दिली, म्हणजे नेमके एक झाले, आणि नेमक्या एकाचे नावच सिंगल. आवृत्ती २ मध्ये ती मेबीच परत करायची, म्हणजे मिळालेली हमी फुकट घालवायची. इथे क्लास बदलणे हीच खरी सुसंगती आहे. फ्लॅटमॅप-सिंगलमध्ये नसलेली हमी आणली जात होती, इथे असलेली हमी टाकली जात होती. दोन्ही दुरुस्त्या एकाच न्यायाने झाल्या.

पाटीपेन्सिल

मी शिकाऊ आहे, म्हणून साधा प्रश्न विचारतो. शेकडो मेथड आणि पाच क्लास. यातली कोणती कुठे वेगळी वागते हे लायब्ररी लिहिणारे तरी कसे लक्षात ठेवतात?

जुना_जावावाला

पाटीपेन्सिल, प्रश्न साधा नाही, मुळावर बोट ठेवणारा आहे. ते लक्षात ठेवत नाहीत, यंत्राकडून तपासून घेतात.

फ्लोएबल रिअॅक्टिव्ह स्ट्रीम्स या प्रमाणावर बांधलेली आहे. त्याची १.० आवृत्ती २०१५ मध्ये आली आणि तिच्यासोबत प्रत्येक नियम तपासणारा टेस्टचा संचही मिळतो. शिवाय आरएक्सजावाच्या स्वतःच्या टेस्टमध्ये एक अशी आहे की जी रिफ्लेक्शनने (प्रोग्राम चालू असताना क्लासच्या मेथड वाचण्याच्या सोयीने) पाचही क्लासच्या सार्वजनिक मेथड गोळा करते आणि प्रत्येकीला मुद्दाम नल (मूल्यच नाही) किंवा ऋण आकडा देऊन ती ठरल्याप्रमाणेच नकार देते का ते पाहते. आणखी एक टेस्ट तर कागदपत्राची भाषा तपासते, म्हणजे मेबीच्या मेथडवर ऑब्झर्वेबलचे वर्णन चुकून चिकटवलेले राहिले तर ती लाल होते. मी हा कोड पहिल्यांदा वाचला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. इतक्या बारीक गोष्टीची कोणी एवढी काळजी घेतलेली क्वचित दिसते.

आरएक्सजावाच्या विकीवर एक मोठा तक्ताही आहे. आडव्या ओळीत मेथड, उभ्या रकान्यात क्लास, आणि एखादी मेथड एखाद्या क्लासमध्ये नसेल तर ती का नाही याची टीप. कम्प्लीटेबलमध्ये मॅप का नाही, तर त्यात मूल्यच नसते. निर्झर, तुमच्या अंतर्गत लायब्ररीसाठी असा तक्ता करून पाहा.

शब्दप्रेमी

तक्त्याची कल्पना वाचून माझे मत बदलले. भाषेत 'लागणे'चे सगळे अर्थ शब्दकोशात एका खाली एक दिलेले असतात, म्हणून तर ते टिकतात. ज्या नावाच्या अर्थांची अशी यादी कोणी केलेली नाही, त्याला अनेक अर्थ देऊ नयेत, एवढे मी आता मान्य करतो.

निर्झर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण जुना_जावावाला यांनी सुचवलेला तक्ता खरोखरच करायला घेतला.

आमच्या लायब्ररीत तीन क्लास आहेत: फोनमधला साठा, सर्व्हर, आणि दोन्ही मिळून काम करणारा. तिघांत मिळून ११ मेथडची नावे सामाईक निघाली. प्रत्येक नावासमोर चार परिस्थिती मांडल्या: मूल्य मिळाले, रिकामे निघाले, चूक आली, आणि ऐकणाऱ्याने आधीच रद्द केले. चौथा रकाना कृष्णाकाठ यांच्या फायलींच्या अनुभवामुळे घातला, नाहीतर तो मला सुचला नसता. प्रत्येक चौकटीसाठी एकच टेस्ट लिहिली आणि तीच तिन्ही क्लासवर चालवली.

पाच नावे लाल झाली. त्यातली दोन अभंगवाणी यांनी सांगितल्या प्रकारची होती: सर्व्हरचा क्लास चूक आल्यास तीनदा पुन्हा प्रयत्न करतो, साठ्याचा करत नाही. हा फरक क्लासच्या नावातूनच ताडता येतो, म्हणून तो ठेवला आणि टेस्टमध्येच कारण लिहिले. दोन नावे सरळ दुरुस्त केली. त्यांची वागणूक बदलणार असल्याने सुलक्षणाताईंचे ऐकून जुनी नावे या आवृत्तीत पूर्णपणे काढली. त्यामुळे अॅपचा कोड १७ ठिकाणी कंपाइल होईना. त्या सगळ्या जागा मी आणि एका सहकारी बाईंनी मिळून वाचल्या, आणि त्यातल्या दोन ठिकाणी पहाटेच्या त्या फोनसारखेच फिरते चक्र दडून बसलेले सापडले.

पाचवे नाव अजून लाल आहे. 'सभासद पुसा' ही मेथड साठ्याच्या क्लासमध्ये कम्प्लीटेबल परत करते आणि असा सभासद नसला तरी काम झाले असेच कळवते. सर्व्हरच्या क्लासमध्ये सभासद नसल्यास चूक येते. दोन्ही बाजूंनी कारणे आहेत आणि कागदावर मांडूनही माझा निर्णय होत नाही.

अभंगवाणी

निर्झर, पुसून झाल्यावर केंद्रचालकाला पडद्यावर नेमके काय दाखवता?

निर्झर

'सभासद काढला' एवढेच. नसलेला सभासद काढायला सांगितला तर साठ्याच्या बाजूने हेच दिसते. सर्व्हरच्या बाजूने 'काढता आला नाही' असे दिसते.

अभंगवाणी

म्हणजे इंटरनेट असताना एक उत्तर आणि नसताना दुसरे. केंद्रचालक तोच, सभासद तोच. ही मेथड दोन्हीकडे सारखीच करा. सर्व्हरकडून 'असा सभासद नाही' असे उत्तर आले, तर त्या क्लासमध्येच ते 'काम झाले' असे धरा. बाकीच्या चुका आहेत तशा वर जाऊ द्या.

निर्झर

पटले. आज तसे केले, टेस्ट हिरवी झाली. नवी आवृत्ती सोमवारी आधी दोनच केंद्रांवर पाठवतो आहे. त्यातले एक केंद्र तेच, जिथून पहाटेचा फोन आला होता.